चार दरवाजा कुणी पाडला?

कोल्हापूरहून पन्हाळ्यावर येताना गाडी जिथं गडात शिरते, तिथं एकेकाळी चार दरवाजा उभा होता. ऊन-पावसानं तो ढासळला नाही. १८४४ चं बंड मोडल्यावर इंग्रजांनी तो पाडला.

हे बंड गडकऱ्यांचं. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारी घराणी. गडाची राखण करायची आणि चाकरीपोटी मिळालेली जमीन कसून पोट भरायचं, ही त्यांची रीत. कोल्हापूर संस्थानचे छत्रपती बाबासाहेब महाराज तेव्हा लहान होते. इंग्रज सरकारनं दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलं आणि गडांच्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली जाऊ लागल्या. सरकारदरबारी ही सुधारणा होती. गडावरच्या माणसासाठी मात्र वतन आणि इभ्रत दोन्ही एका हुकमानं जात होतं. ते गप्प बसले असते तरच नवल!

गडहिंग्लजजवळच्या सामानगडानं दरवाजे लावून घेतले. मग भुदरगडानं. बेळगावहून फौज आणि तोफा निघाल्या. १३ ऑक्टोबरला सामानगड पडला, पण बंड विझलं नाही. ते सावंतवाडीपर्यंत पसरलं. कर्नल ओव्हान्स हा बडा इंग्रज अधिकारी बंडवाल्यांनी धरला आणि पन्हाळ्यावर कैदेत ठेवला. १ डिसेंबरला तोफांनी तटाला खिंडार पाडून फौज पन्हाळ्यात घुसली.

लढाई तिथं संपली. सरकारचं खरं उत्तर त्यानंतर आलं, आणि आम्हाला तेच जास्त सलतं. संस्थानातल्या साऱ्या गडांची तटबंदी निकामी करण्यात आली. जे गड लढले तेवढेच नव्हे, सारे. गडकऱ्यांची वंशपरंपरागत चाकरी कायमची मोडीत काढली. संस्थानचं लष्कर बरखास्त करून त्या जागी नवी पलटण उभी केली. तक्रार होती जमिनीची. सरकारनं तक्रार करणारा वर्गच मोडून टाकला.

आज पर्यटक तीन दरवाजापाशी फोटो काढतात, आणि काढावेतच, तो आहेच तसा देखणा. पण चार दरवाजाच्या चौथऱ्यापाशीही थांबा. शिवकाळ आपल्याला तोंडपाठ असतो; १८४४ ची ही माणसं शाळेच्या धड्यातही क्वचितच भेटतात.

पुढं १८६२ च्या करारानं प्रत्येक महत्त्वाच्या बाबतीत इंग्रज सरकारचा सल्ला मानणं छत्रपतींवर बंधनकारक झालं. तोवर दरवाजे लावून बसायला गडकरी उरले नव्हते.