अंड्यातल्या पिल्लाला रंग देताना

नमस्कार मंडळी. अंड्यातून हिरवंगार किंवा निळं पिल्लू बाहेर येतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थापच वाटते. पण पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी ही रीत गेल्या शतकाच्या मध्यापासून वापरली आहे, आणि त्यामागे ठोस गरज होती. बदकाची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर एक-दोन दिवसांतच आईमागोमाग घरटं सोडतात. पाय इतके बारीक, की मोठ्या पक्ष्याला घालतात तसं कडं घातलं तरी निसटतं. मग कुठल्या घरट्यातली पिल्लं कुठे गेली, किती तगली, हे लांबून ओळखायचं कसं? त्यावर सापडलेला उपाय म्हणजे पिल्लू रंगीतच जन्माला घालायचं.

कोंबडीचं अंडं उबायला २१ दिवस लागतात. रंग द्यायचा तो साधारण अकराव्या ते चौदाव्या दिवसात. हेच दिवस का, ते समजून घ्या, म्हणजे पुढची सगळी कृती आपोआप उलगडते. पहिला आठवडा सरता सरता भ्रूणाच्या कातडीवर पिसांचे बारीक उंचवटे दिसू लागतात आणि तेराव्या दिवसापर्यंत अंगभर लव आलेली असते. पिल्लू गर्भजलात बुडालेलं असतं. याच सुमारास अंड्याच्या निमुळत्या टोकाकडे उरलेला पांढरा बलक गर्भजलात उतरू लागतो आणि पिल्लू तो गिळू लागतं. म्हणजे निमुळत्या टोकाशी सोडलेला रंग बलकाबरोबर थेट लवेपर्यंत पोचतो. रुंद टोकाला हवेची पोकळी असते, तिथे टोचून काय उपयोग?

आता हात कसा चालवायचा ते सांगतो. आधी अंडं दिव्यावर धरून आत जीव आहे याची खात्री करा. शिरांचं जाळं आणि हालचाल दिसते. निमुळत्या टोकाजवळची जागा अल्कोहोलने किंवा आयोडीनने पुसून घ्या. टोकापासून सव्वा सेंटिमीटरवर, निर्जंतुक केलेल्या अणकुचीदार सुईने होईल तितकं बारीक भोक पाडा. कवचाखालचा पापुद्रा फुटला पाहिजे, पण सुई खोल जाता कामा नये. पापुद्रा शाबूत राहिला तर रंग आत जातच नाही, आणि खोल गेलात तर पिल्लाला इजा होते. सगळं कसब इथेच आहे. मग २० गेज जाडीच्या इंजेक्शनच्या सुईने, खाण्याच्या रंगाचं दोन-तीन टक्क्यांचं द्रावण, फार तर अर्धा मिलिलिटर, अगदी सावकाश सोडायचं. घाई केली की ते भोकातून उलटं वर येतं. द्रावण फ्रीजमधून काढलेलं थंडगार नको. भोकावर वितळलेल्या मेणाचा एक थेंब टाकायचा आणि अर्ध्या तासाच्या आत अंडं परत उबवणी यंत्रात ठेवायचं.

लाल, हिरवा, निळा हे रंग चांगले उठतात, तेही पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या लवेवर. काळपट लवेच्या जातीत केलेली मेहनत दिसतच नाही.

पिल्लाचा स्वतःचा रंग त्याच्या रंगपेशी तयार करतात. आपला रंग त्या पेशींना हातही लावत नाही, तो लवेला वरून चिकटतो. म्हणून नंतर येणारं पीस जातीच्या मूळ रंगाचंच असतं.

कवचाला भोक पाडलं की जंतूंना वाट मिळते. स्वच्छतेत कसूर झाली तर अंडी दगावतात. रानातल्या पिल्लाची तपकिरी-पिवळी लव त्याला गवतात लपवते, ती आपण पुसून टाकतो, हेही ध्यानात ठेवा. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की ओळख पटवण्याची खरीच गरज असेल तरच हे करावं, आणि मोजक्याच अंड्यांवर.

विकण्यासाठी पिल्लं रंगवणं मला मुळीच मान्य नाही. तिथे बहुतेकदा अंड्यातून निघालेल्या पिल्लांवर रंग फवारतात किंवा त्यांना रंगात बुचकळतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. ओली लव ती धरून ठेवू शकत नाही आणि पिल्लू गारठून मरतं. बरं, सुईने रंगवलेलं पिल्लू निदान ओलं तरी होत नाही, पण खेळणं म्हणून लहान मुलाच्या हाती गेलं की त्याचेही हालच. दाबून धरणं, ऊब नसणं, वर माणसाला साल्मोनेला या जंतूच्या संसर्गाचा धोका.

एक प्रश्न नेहमी येतो, रंग टिकतो किती? लव टिकेल तितका. पंखांवर पिसं पहिल्या आठवड्यातच डोकावतात, पुढच्या काही आठवड्यांत अंग भरत जातं, आणि डोक्यावरची लव सर्वांत शेवटी जाते. पाळलेल्या पिल्लांचे गट वेगळे ओळखायला रंग वापरला असेल, तर डोकं रंगीत आहे तोवरच प्रत्येकाच्या पायात क्रमांकाचं कडं घालून वहीत नोंद करा. नंतर कुठलं पिल्लू कुठल्या गटातलं, हे कोणालाच सांगता येत नाही.