मावशीचे फोटो आणि एका अनोळखी माणसाचा फोटो

नमस्कार. स्मृती हा विषय घेऊन फोटो, व्हिडिओ, मांडणशिल्प (वस्तू जागेत मांडून उभी केलेली कलाकृती) करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, नलिनी मलानींपासून दयानिता सिंगपर्यंत. आज मात्र मी चित्रकार आणि मांडणशिल्पकार विवान सुंदरम यांच्याबद्दलच बोलणार आहे. दुसऱ्याने काढलेल्या फोटोचं आपण करायचं काय, हा प्रश्न त्यांच्याइतका कुणी अंगावर घेतला नाही, असं मला मनापासून वाटतं.

विवान यांचे आजोबा उमराव सिंग शेरगिल. संस्कृत आणि फारसीचे अभ्यासक, योगसाधना करणारे आणि फोटोग्राफीत आकंठ बुडालेले. पत्नी मारी आंत्वानेत हंगेरियन, मुली दोन: अमृता, म्हणजे चित्रकार अमृता शेरगिल, आणि इंदिरा. बुडापेस्ट, सिमला, पॅरिस, जिथे बिऱ्हाड गेलं तिथे कॅमेरा गेला. घरच्यांचे फोटो काढले तसे त्यांनी स्वतःचेही काढले. पॅरिसमध्ये १९३० साली पंधरा दिवसांच्या उपासानंतर साठीचा हा दाढीवाला गृहस्थ उघड्या अंगाने आपल्याच कॅमेऱ्यासमोर आला. त्या काळच्या खानदानी सरदार घराण्यातल्या पुरुषाने स्वतःकडे असं पाहावं, याचं मला आजही नवल वाटतं.

अमृता १९४१ साली लाहोरला वारल्या, अवघ्या २८ वर्षांच्या होत्या. इंदिराचा मुलगा विवान जन्मला १९४३ साली. म्हणजे ज्या मावशीच्या गोष्टी ऐकत हा मुलगा वाढला, तिला त्याने कधी पाहिलंच नव्हतं. मावशीची चित्रं होती, पत्रं होती, आणि आजोबांनी काढलेले फोटो होते.

२००१ मध्ये त्यांनी हे फोटो संगणकावर घेतले आणि ‘रीटेक ऑफ अमृता’ ही कृष्णधवल मालिका सुरू केली. वेगवेगळ्या सालांतली, वेगवेगळ्या शहरांतली माणसं एका चौकटीत आणली. हे काम ऐकायला वाटतं तितकं सोपं नाही. एका फोटोत उजेड बाजूच्या खिडकीतून आलेला, दुसऱ्यात समोरून. एका फोटोचा कण, म्हणजे त्यात दिसणारे ठिपके, जाड, दुसऱ्याचा बारीक. हे सगळं जुळवावं लागतं, नाहीतर माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. प्रथम आपल्याला घरचा साधा फोटोच वाटतो. मग वयांचा मेळ बसेनासा होतो, काही चित्रांत तर अमृता एकाच वेळी दोनदा दिसते. बापाची मुलीवरची नजर, मुलीचं स्वतःच्या रूपाकडे पाहणं, घरातले ताण, जे मूळ फोटोंत विखुरलेलं होतं ते इथे समोरासमोर येतं.

गेलेल्या माणसांच्या फोटोंत अशी ढवळाढवळ करावी का, असा आक्षेप घेता येतो, आणि तो मला बिनबुडाचा वाटत नाही. पण याच भाच्याने मावशीची पत्रं आणि लेखन संपादित करून २०१० मध्ये दोन खंडांत छापलं. अमृता स्वतः काय म्हणत होत्या ते वाचकाला तिथे पडताळून पाहता येतं. म्हणून ते स्वातंत्र्य मला मान्य आहे.

आता दुसरा फोटो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधली मुंबईची दंगल. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे छायाचित्रकार होशी जाल यांनी रस्त्यावर पडलेल्या एका मृताचा फोटो काढला. वर्तमानपत्रातला फोटो, दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणारा. विवान यांनी तो उचलला आणि त्यातून १९९३ मध्ये ‘मेमोरियल’ हे मांडणशिल्प उभं राहिलं. तोच फोटो पुन्हा पुन्हा, काचेच्या पेट्यांत. त्यावर ठोकलेले खिळे. पत्र्याच्या ट्रंकांची कमान. खिळे ठोकणं म्हणजे हिंसा, हे उघड आहे. पण शेकडो खिळे एकेक करून ठोकायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्या माणसाजवळ बसावं लागतं. मला तो दफनविधीच वाटतो, रस्त्यावर राहून गेलेला.

शेरगिलांच्या घराचं सगळं काही उपलब्ध होतं. या माणसाबद्दल कलाकाराच्या हाती होता फक्त एक फोटो: ना पत्र, ना अल्बम. त्यामुळे इथे त्याच्या तोंडी काही घालायचं नाही, त्याचं घर, त्याचा बाप, त्याचं बालपण कल्पायचं नाही, हा संयम विवान यांनी पाळला. ‘मेमोरियल’ आता लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. माझ्या दृष्टीने त्याची जागा मुंबईत आहे, जिथे तो माणूस पडला त्या शहरात, आणि इथल्या एखाद्या संग्रहालयाने ते काही महिन्यांसाठी तरी मागून आणावं, असं मला फार वाटतं.