कलिंगडाची गोडी कुणी निवडली?

(दृश्य: फळीवर ठेवलेलं गोल, फिकट हिरवं फळ. सुरी फिरते. आत पांढरा गर.)

हे कलिंगड कच्चं नाही. पूर्ण पिकलेलं आहे, आणि त्याचा गर असाच असतो, पांढुरका. सुदानच्या कोर्दोफान भागात लोक ते पिकवतात आणि खातात. गोडी बेताचीच, पण कडवटपणा औषधालाही सापडायचा नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ या साध्या दिसणाऱ्या फळाच्या मागे लागले ते त्यासाठीच.

कारण कलिंगडाचे रानातले भाऊबंद बहुतेक कडू असतात. हा कडूपणा कुकर्बिटासिन गटातल्या द्रव्यांचा. काकडीचं टोक कापून, चकती घासून आपण जो कडवटपणा काढू पाहतो, तो याच गटातला. वेलाच्या दृष्टीने हे संरक्षण आहे, कारण असं फळ सहसा कुणी तोंडात धरत नाही. मग या कुळातलं एक फळ माणसाच्या ताटात कसं आलं?

(दृश्य: नकाशा. केप टाउनवरून कॅमेरा उत्तरेला, सुदानकडे सरकतो.)

बराच काळ कलिंगडाचं मूळ दक्षिण आफ्रिकेत मानलं जाई. १७७३ मध्ये कार्ल थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने केप टाउनजवळ एक वेल गोळा केला होता. कलिंगडाचं शास्त्रीय नाव पुढे त्या वाळवलेल्या नमुन्याला जोडलं गेलं. दोनशेहून अधिक वर्षांनी त्याच नमुन्यातला डीएनए तपासला, तेव्हा तो आपल्या कलिंगडाचा पूर्वज नाहीच असं दिसलं. ती वेगळीच जात निघाली. २०२१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ सुझान रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोर्दोफानच्या फळाची संपूर्ण जनुकीय मांडणी प्रसिद्ध केली, आणि आपल्या गोड कलिंगडाचं सर्वांत जवळचं नातं तिथे जुळलं. इजिप्तमधल्या चार हजारांहून अधिक वर्षं जुन्या एका थडग्यातल्या चित्रात तबकावर पट्ट्यापट्ट्यांचं लांबट फळ ठेवलेलं दिसतं. नाईलच्या खोऱ्याशी कलिंगडाचं नातं किती जुनं असावं, याचा अंदाज त्यावरून येतो.

लिबियात सापडलेल्या सुमारे ६ हजार वर्षांपूर्वीच्या बियांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांच्या डीएनएवरून ती फळं कडू असावीत असं दिसतं. म्हणजे तिथले लोक बहुधा बियांसाठीच ती गोळा करत असावेत, गर टाकून देत असावेत.

कडूपणा गेला कसा? वेलाच्या पेशीत एक नियंत्रक जनुक असतं. कडू द्रव्य बनवणाऱ्या यंत्रणेला तेच जागं करतं. गोड कलिंगडात या जनुकात एक बदल झाला आहे. त्यामुळे त्याचं प्रथिन अर्ध्यातच तुटतं आणि पुढची यंत्रणा झोपूनच राहते. असे बदल निसर्गात अधूनमधून होतच असतात. पण त्या एका वेलाचं बी कुणीतरी राखलं, पुढच्या मोसमात पेरलं. त्या शेतकऱ्याचं नाव कुठेही नोंदलेलं नाही.

(दृश्य: लाल गर. चमचाभर रस रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे रसातली साखर मोजणाऱ्या उपकरणाच्या काचेवर.)

कडूपणा गेला म्हणजे गोडी आली, असं नाही. गोडी हे वेगळंच काम आहे, आणि मला त्यातलं सगळ्यांत विलक्षण वाटतं ते फळाच्या आतलं दळणवळण.

पानात तयार झालेली साखर फळापर्यंत पोहोचायला हवी. काकडी-भोपळ्याच्या कुळात ती मोठ्या प्रमाणात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या जोडसाखरांच्या रूपात प्रवास करते. या साखरा अशा बांधलेल्याच राहिल्या, तर गराला त्यांचा उपयोग नाही. बीजिंगच्या संशोधकांनी दाखवलं, की गोड कलिंगडात फळाच्या शिरांमध्येच एक विकर (एन्झाइम) मोठ्या प्रमाणात तयार होतं आणि या जोडसाखरा फोडून टाकतं. रानटी फळांत हे विकर तिथे फारच कमी असतं. साखर सुटी झाली की एक वाहक प्रथिन तिला गराच्या पेशीत घेतं आणि दुसरं तिला पेशीच्या आतल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत नेऊन साठवतं. रिक्तिकेत साखर भरणाऱ्या या वाहकाचं जनुक लागवडीच्या कलिंगडात जोडीने आढळतं, म्हणजे एकाला लागून त्याचीच दुसरी प्रत. दारं वाढली, साठा वाढला.

हा साठा ब्रिक्समध्ये मोजतात. १० ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १० ग्रॅम विरघळलेले पदार्थ, त्यातली बहुतेक साखरच. थेंब घ्यायचा तो फळाच्या मध्यातून. सालीकडे गेलं की गोडी उतरत जाते. आणि एक गोष्ट ग्राहकाने पक्की लक्षात ठेवावी: कलिंगड तोडल्यावर गोड होत नाही. आंबा आढीत पिकतो, कलिंगड नाही. वेलावर जेवढी साखर भरली, तेवढीच. म्हणून जाणता शेतकरी देठाजवळचा कुरळा तंतू वाळला का ते पाहतो, जमिनीला टेकलेला पांढरा डाग पिवळा झाला का ते पाहतो, आणि मग फळ वाजवतो. टणटण वाजलं तर थांबतो, बदबद वाजलं तर तोडतो.

लाल रंग लायकोपीनचा. पेशीत एक विकर लायकोपीनचं पुढे बीटा-कॅरोटिन करतं. लाल कलिंगडात हे विकर कमी पडतं आणि लायकोपीन साठत जातं. वजनाला वजन धरलं, तर न शिजवलेल्या टोमॅटोपेक्षा लाल कलिंगडात ते साधारणपणे जास्तच भरतं.

(दृश्य: पहाट. प्रयोगशेत. कागदी टोप्या घातलेली पिवळी फुलं.)

नवा वाण घडतो तो अशा पहाटे. मादी फूल ओळखणं सोपं आहे, पाकळ्यांखाली इवलंसं कलिंगड दिसतंच. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी, दोन्ही कळ्या झाकून ठेवतात, कारण फूल उमलतं ते एकाच दिवसासाठी आणि मधमाशी कुणाची परवानगी घेत नाही. सकाळी निवडलेल्या नराचा पराग मादीवर टेकवायचा, पुन्हा झाकायचं, चिठ्ठी बांधायची. पाच-सहा आठवड्यांनी फळ हाती येतं. मग ब्रिक्स, गराचा रंग, सालीची जाडी, बियांचा आकार आणि संख्या, सगळं वहीत उतरतं. एवढं करून एखाद्या फळावर विश्वास ठेवायचा नसतो. पाणी, खत, वेलावर किती फळं राखली, यांनीही आकार आणि गोडी बदलते. म्हणून त्याचं बी अनेक ठिकाणी, अनेक हंगामांत पेरून पाहावं लागतं.

गोव्याच्या बारदेश तालुक्यातलं पर्रा हे गाव कलिंगडांसाठी प्रसिद्ध. मनोहर पर्रीकर आपल्या गावची एक आठवण भाषणात सांगत. हंगामाच्या शेवटी एक शेतकरी मुलांना बोलावून हवी तेवढी कलिंगडं खाऊ घालायचा. अट एकच, बी चावायचं नाही, भांड्यात टाकायचं. खायला तो आपली सर्वांत मोठी, उत्तम फळं द्यायचा आणि त्याच बियांवर पुढच्या वर्षीचं पीक घ्यायचा. पुढे शेती मुलाच्या हाती गेली. मोठ्या फळांना बाजारात भाव येतो म्हणून त्याने ती विकली आणि मुलांपुढे लहान फळं ठेवली. काही वर्षांत पर्र्याची मोठी कलिंगडं दिसेनाशी झाली.

पर्रीकर हे शिक्षणाबद्दल बोलताना सांगत, पण यात वाण निवडीचं शास्त्र जसंच्या तसं आहे. बियाचा अर्धा वारसा ते ज्या फळात आहे त्या वेलाचा. उरलेला अर्धा कुणाचा, ते मधमाशी ठरवते. शेतातले सगळेच वेल निवडीतले असले, तर बापही चांगला मिळतो. लहान फळांचंच बी पेरत गेलं, की आईही तशीच आणि बापही तसाच. कलिंगडाची पिढी एका हंगामाची, त्यामुळे घसरण डोळ्यांदेखत होते.

आज बाजारात बहुतांश बियाणं संकरित आहे. त्या फळाचं बी राखून पेरलं, तर पुढची पिढी एकसारखी येत नाही; दरवर्षी विकत घ्यावंच लागतं. म्हणून सरळ वाणांचं, म्हणजे ज्यांचं बी राखून पेरलं तरी पुढची पिढी तशीच येते अशा वाणांचं, मोल मला फार मोठं वाटतं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने स्वतःच्या एका वाणाचा अमेरिकी ‘क्रिमसन स्वीट’शी संकर करून आणि पुढच्या पिढ्यांतून निवड करून ‘अर्का माणिक’ तयार केला. गोड, लाल, दाणेदार गर, शिवाय भुरी, केवडा आणि करपा या तिन्ही रोगांपुढे तग धरण्याची ताकद. याचं बी शेतकऱ्याला राखता येतं.

(दृश्य: बिनबियांचं कलिंगड, पांढरी पोकळ टरफलं.)

बियाच नसलेलं कलिंगड ही जपानची देणगी. हितोशी किहारा यांनी हे काम १९३९ च्या सुमारास हाती घेतलं. कलिंगडात २२ गुणसूत्रं असतात. कोल्चिसिन या द्रव्याने त्यांनी ती दुप्पट केली, ४४. अशी मादी आणि साधा २२ चा नर, यांच्या बियात ३३. तेहतिसांच्या नीट जोड्या लागत नाहीत, म्हणून बी भरत नाही. तरी फळ धरायला परागाचा स्पर्श लागतोच, त्यामुळे शेतात साध्या कलिंगडाचे वेलही लावावे लागतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पूसा बेदाना’ याच पद्धतीचा.

(दृश्य: सुकलेला वेल. कापलेल्या खोडात तपकिरी रेषा.)

गोडी निवडता निवडता एक गोष्ट निसटली. २०१३ मध्ये कलिंगडाची जनुकीय मांडणी पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. सुमारे २३ हजार जनुकं, आणि रानटी वाणांशी तुलना करताच दिसलं, की लागवडीच्या प्रवासात रोगाशी लढणारी कित्येक जनुकं गळून गेली आहेत. आपण रंग पाहिला, चव पाहिली. मर रोगाकडे कुणी पाहिलंच नाही.

अमेरिकी कृषी खात्याच्या डब्ल्यू. ए. ऑर्टन यांनी १९११ मध्ये दिलेला ‘काँकरर’ हा वाण म्हणून महत्त्वाचा. मर रोगाला तोंड देण्यासाठी त्यांनी गोड कलिंगडाचा संकर आफ्रिकेतल्या, खाण्याच्या कामाच्या नसलेल्या, कठीण गराच्या नातेवाइकाशी केला. जपानने दुसरी वाट धरली: खाली भोपळ्याचा खुंट, वर कलिंगडाचं कलम. तिथे आणि कोरियात आज ही पद्धत सर्रास चालते.

आपल्याकडचा आजचा मोठा शत्रू म्हणजे बड नेक्रॉसिस. विषाणू फुलकिड्यांतून पसरतो, शेंडे करपतात, कोवळ्या वेलाला लागण झाली तर हाती फळ लागत नाही. गोड वाणांत याला पुरेसा प्रतिकार नाही. तो शोधायचा तर जायला हवं पुन्हा त्याच रानटी, कडवट, पांढऱ्या गराच्या नातेवाइकांकडे, जे बियाणं-संग्रहांच्या थंड खोल्यांत पाकिटांत जपलेले आहेत.

(दृश्य: रोपवाटिका. ट्रेमध्ये दोन पानांची रोपं. हातमोज्यातली बोटं पानाचा कण तोडतात.)

असा संकर केला, की रानटी बाजूचा कडूपणा आणि कठीण गरही सोबत येतो. मग त्या संकराचा पुन्हा पुन्हा गोड वाणाशी संकर करायचा. पूर्वी प्रत्येक वेळी फळ येईपर्यंत थांबून, चाखून ठरवावं लागे. आता कोवळ्या पानाच्या कणातून डीएनए काढतात. त्यात कडूपणाचं जनुक दिसलं की रोप ट्रेमधूनच बाजूला होतं. प्रतिकाराची खूण सापडलेली, कडूपणा नसलेली रोपं तेवढी शेतात जातात, आणि त्यांच्या फुलांना पुन्हा संध्याकाळी टोप्या घातल्या जातात.