एक कबर, दोनदा उकरलेली

(पडद्यावर: धावपट्टीवर उभं असलेलं दोन पंख्यांचं जुनं विमान. पंखे फिरायचे थांबतात.)

१९५१ चा उन्हाळा. अलास्काहून आयोवाकडे निघालेलं हे विमान वाटेत इंधनासाठी पुन्हा पुन्हा उतरतंय. प्रत्येक मुक्कामी एक पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण आपलं सामान घेऊन खाली येतो, सामानातल्या डब्यांकडे आग विझवायचं नळकांडं रोखतो आणि खटका दाबतो. फुस्स! पांढराशुभ्र लोट. आग मात्र कुठंच नाही.

नळकांड्यात दाबून भरलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर सुटला, की क्षणात त्याचा बर्फाचा भुगा होतो. तरुणाला तेवढाच हवा होता. सोबत आणलेला ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइडच, केव्हाच उडून गेला होता, आणि डब्यांतलं सामान घरी पोचेपर्यंत गोठलेलंच राहायला हवं होतं.

डब्यांत माणसांची फुप्फुसं होती. १९१८ साली मेलेल्या माणसांची.

त्या तरुणाचं नाव योहान हल्टिन.

बर्फात काहीतरी गाडलेलं आहे, वरून हुकूम आलाय की खणू नका, आणि एक हट्टी शास्त्रज्ञ तरीही खणतो. ही गोष्ट आपण पडद्यावर इतक्यांदा पाहिली आहे, की पुढं काय होणार ते आधीच ठाऊक असतं. हल्टिनची गोष्ट त्या वाटेनं जात नाही. त्यानं कुणाचा हुकूम मोडला नाही. हुकूम येण्याची वाटच बघितली नाही, असं फार तर म्हणता येईल. परवानगी मात्र त्यानं मागितली. दोनदा मागितली, आणि दोन्ही वेळा एकाच गावाकडे.

(पडद्यावर: आयोवा विद्यापीठ, जुनी छायाचित्रं.)

हल्टिन मूळचा स्टॉकहोमचा. आयोवात सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला आलेला. १९५० च्या जानेवारीत विल्यम हेल नावाचे विषाणुतज्ज्ञ तिथं पाहुणे म्हणून आले. जेवताना १९१८ च्या फ्लूचा विषय निघाला. जगभरात अंदाजे ५ कोटी माणसं त्या साथीनं नेली, आणि मेले त्यांत धडधाकट तरुणांचा भरणा होता. पण तो विषाणू नेमका कसा होता, हे कुणालाच माहीत नव्हतं. माणसाला होणाऱ्या फ्लूचा विषाणू वेगळा काढता आला तोच मुळी १९३३ साली. तोवर १९१८ चा आरोपी फरार झाला होता. हेल सहज बोलून गेले, की कुणीतरी उत्तरेला जावं, कायम गोठलेल्या जमिनीत पुरलेले त्या साथीतले मृतदेह शोधावेत. कदाचित विषाणू तिथं टिकला असेल.

दोन-चार वाक्यं, आणि विषय बदलला. टेबलावरच्या बाकीच्यांनी ती ऐकली आणि सोडून दिली. हल्टिनच्या डोक्यात ती रुतून बसली.

एक योगायोगही जुळून आला होता. आदल्या उन्हाळ्यात हल्टिन बायकोबरोबर गाडीनं अलास्का हिंडून आला होता. तिथं त्याची ऑटो गाइस्ट या जीवाश्मतज्ज्ञाशी ओळख झाली होती. गाइस्टच्या ओळखी मिशनऱ्यांपर्यंत, आणि मिशनऱ्यांच्या वह्यांत कोण कधी मेलं त्याच्या नोंदी. त्यांवरून तीन जागा निघाल्या.

पहिली नोम. तिथली जमीन गोठलेली राहिलीच नव्हती. दुसरी वेल्स. तिथं समुद्रानं किनारा खाल्ला होता. उरलं सीवर्ड द्वीपकल्पावरचं एक छोटं गाव, बेरिंग समुद्राच्या काठचं. तेव्हाचं टेलर मिशन, आजचं ब्रेव्हिग मिशन.

(पडद्यावर: सपाट, ओलसर टुंड्रा. दूर दोन मोठे लाकडी क्रूस.)

इथं थोडं थांबू या.

१९१८ च्या नोव्हेंबरात या गावात मोठी माणसं होती ८० च्या आसपास, बहुतेक सगळी इनुपियात, म्हणजे अलास्कातले मूळ रहिवासी. १५ ते २० नोव्हेंबर, या पाच दिवसांत ७२ माणसं गेली. पाच दिवस. पुरणार कोण, हाच प्रश्न होता. शेवटी सगळ्यांना एकाच लांबलचक खड्ड्यात ठेवलं आणि दोन टोकांना दोन क्रूस उभे केले.

हल्टिन पोचला तेव्हा या गोष्टीला ३३ वर्षं होत आली होती. गावातल्या जाणत्या माणसांची बैठक बसली. त्यात तिघं असे होते, की ज्यांनी तो आठवडा पाहिला होता आणि जे त्यातून वाचले होते. आता जरा या पोराची पंचाईत बघा. परका माणूस, आणि मागायचं काय, तर तुमच्या आईबापांची कबर उकरू द्या.

त्यानं देवीच्या लशीचं उदाहरण दिलं. लस टोचली की देवी येत नाही, हे गावाला ठाऊक होतं. तो म्हणाला, हा आजार पुन्हा येऊ शकतो, आणि मला विषाणू मिळाला तर त्याचीही लस करता येईल. गावानं हो म्हटलं.

मग कुदळ.

अलास्कातला जून म्हणजे रात्र जवळपास नसतेच. वरचं गवत-शेवाळ काढलं की खाली जी माती लागते ती माती राहिलेली नसते, दगड झालेली असते. कुदळ टणकन परत येते. हल्टिननं किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं गोळा करून खड्ड्यातच जाळ पेटवला. जाळ विझला की वितभर चिखल. तो उपसायचा, पुन्हा लाकडं, पुन्हा जाळ. धूर डोळ्यांत, पाय चिखलात.

दोन दिवसांनी एक मुलगी दिसली. वयानं लहानच असावी. अंगात फ्रॉक, केसांत लाल रिबिनी.

हल्टिन पुढं आयुष्यभर ही गोष्ट सांगत राहिला आणि त्या रिबिनी दर वेळी सांगत राहिला. ज्याला विषाणू शोधायचाय त्याला रिबिनीचं काय? पण बघा, शोधनिबंधात ज्याला जागा नसते तेच माणूस विसरत नाही.

मुलगी गोठलेली होती, म्हणजे खाली आणखी देह शाबूत असणार. त्याचे मार्गदर्शक, एक पॅथॉलॉजिस्ट आणि गाइस्ट असे तिघं मदतीला आले. फुप्फुसांचे नमुने घेतले, कबर बुजवली आणि विमान पकडलं. नळकांड्यांची ती फुसफूस या परतीच्या वाटेवरची.

आयोवात त्यानं ते नमुने कोंबडीच्या जिवंत गर्भाच्या अंड्यांत टोचले. फ्लूचा विषाणू वाढवायची ती ठरलेली रीत. आजच्या मानानं सुरक्षेची साधनं नावालाच होती. विषाणू खरोखर जिवंत निघाला असता तर? आज हा विचार मनात आला तरी अंगावर काटा येतो. साथ त्या प्रयोगशाळेच्या दारातून पुन्हा बाहेर पडू शकली असती. हल्टिनच्या धाडसाचं कौतुक करताना हेही त्याच्याच खात्यावर मांडायला हवं.

पण अंड्यांत काहीच वाढलं नाही. फेरेट, म्हणजे प्रयोगासाठी घेतलेले मुंगसासारखे प्राणी, तेही ठणठणीत राहिले. एकेक करत नमुने संपले, डॉक्टरेट हातची गेली. हल्टिन वैद्यकीकडे वळला, पॅथॉलॉजिस्ट झाला, सॅन फ्रान्सिस्कोत स्थिरावला.

(पडद्यावर: काळा पडदा. नंतर मेणाच्या ठोकळ्यांनी भरलेले खण.)

आता सरळ १९९७ च्या मार्चमध्ये.

वॉशिंग्टनमधल्या सैन्यदलांच्या पॅथॉलॉजी संस्थेत जेफ्री टॉबेनबर्गर आणि त्यांचे सहकारी काम करत होते. या संस्थेचं भांडार म्हणजे अमेरिकी सैनिकांच्या शरीराच्या नमुन्यांचं अजस्र कपाट. १९१८ च्या सप्टेंबरात फ्लूनं मेलेल्या २१ वर्षांच्या एका सैनिकाच्या फुप्फुसाचा तुकडा त्यात होता, मेणात बसवलेला, नखाएवढा. त्यातून त्यांनी विषाणूच्या जनुकांचे काही तुकडे वाचले आणि 'सायन्स' या नियतकालिकात छापले.

जिवंत विषाणूची गरजच उरली नव्हती. विषाणू मेला तरी त्याचा मजकूर फाटक्या चिठ्ठीसारखा मागं राहतो, शंभर-सव्वाशे अक्षरांचे कपटे. पीसीआर नावाच्या तंत्रानं प्रत्येक कपट्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढायच्या, आणि एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडाशी जुळवत सगळा मजकूर उभा करायचा. फ्लूच्या विषाणूचा मजकूर असतो सुमारे साडेतेरा हजार अक्षरांचा. १९५१ साली हे सुचणंच शक्य नव्हतं. डीएनएची रचनाच मुळी १९५३ साली उलगडली.

अडचण एकच होती. नखाएवढा तुकडा किती दिवस पुरणार?

तो निबंध हल्टिन यांनी वाचला. वय ७२. डोंगर चढणारे, सिएरा नेवाडात जुन्या नॉर्वेजियन पद्धतीचं लाकडी घर स्वतःच्या हातांनी बांधणारे गृहस्थ. त्यांनी टॉबेनबर्गर यांना पत्र टाकलं, की अशी एक कबर मला माहीत आहे, हवं तर पुन्हा जाऊन येतो. टॉबेनबर्गर यांनी फोन करून विचारलं, कधी निघू शकाल? हल्टिन म्हणाले, या आठवड्यात नाही जमायचं, पुढच्या आठवड्यात जातो.

ना अनुदान, ना पथक, ना समित्या. सुमारे ३,२०० डॉलर खर्च आला, तो स्वतःच्या खिशातून. अवजारांत बायकोची बागेतली फांद्या छाटायची कात्री. तिला विचारून घेतली होती की नाही, ते तिलाच ठाऊक.

(पडद्यावर: ब्रेव्हिग मिशन, ऑगस्ट १९९७.)

गावात उतरल्यावर हल्टिन यांनी पहिलं काम तेच केलं जे ४६ वर्षांपूर्वी केलं होतं. ग्रामसभेपुढे उभं राहून विचारलं. त्या कबरीत जिचे नातेवाईक होते अशी एक वडीलधारी बाई त्यांच्या बाजूनं बोलली. परवानगी मिळाली. वर मदतीला चार तरुणही मिळाले. राहायची सोय शाळेत, जमिनीवर गादी टाकून.

खणता खणता सापळे लागत गेले. नुसती हाडं. मधल्या काळात जमीन कधीतरी थोडी वितळली असणार. मग सातेक फूट खोलवर, सापळ्यांच्या मधोमध, साधारण तिशीतल्या एका बाईचा देह सापडला. बाई लठ्ठ होती. बाकीच्यांची माती झाली आणि तिची फुप्फुसं शाबूत राहिली, कारण अंगावरच्या चरबीच्या थरानं त्यांना रजईसारखं झाकून धरलं होतं.

हल्टिन एक बादली पालथी घालून तिच्याशेजारी बसले आणि बघत राहिले. त्यांनी तिचं नाव ठेवलं लूसी. इथिओपियात १९७४ साली सापडलेल्या त्या आदिमानवी सांगाड्यावरून. मग कात्री काढली. दोन्ही फुप्फुसं कापून जतन-द्रवात ठेवली.

नमुने वॉशिंग्टनला धाडताना त्यांनी एकाच पार्सलवर भरवसा ठेवला नाही. वेगवेगळी पुडकी केली, वेगवेगळ्या मार्गांनी पाठवली. अंड्यांत फसलेला माणूस पोस्टात कशाला फसेल! सुमारे दहा दिवसांत निरोप आला. विषाणूचा मजकूर मिळालाय.

याच सुमारास नॉर्वेच्या स्पिट्सबर्गेन बेटावर आणखी एक मोहीम आकाराला येत होती. कॅनडाच्या कर्स्टी डंकन यांनी अनेक वर्षं खपून ती उभी केली होती. १९१८ मध्ये मेलेल्या सात तरुणांच्या कबरी, जमिनीखालचं पाहणारं रडार, हवाबंद तंबू, अनेक देशांचे तज्ज्ञ. १९९८ मध्ये खोदलं तर पेट्या मीटरभराच्याही आत निघाल्या, दर उन्हाळ्यात वितळणाऱ्या थरात. म्हणजे देह टिकलेले नव्हते. पालथ्या बादलीवरच्या म्हाताऱ्याशी तुलना करून या पथकाला हसणं सोपं आहे. पण त्यांनी घेतली तेवढी काळजी अशा कामात घ्यायलाच हवी. नशीब हल्टिन यांच्या बाजूनं होतं, नियम डंकन यांच्या.

लूसीच्या फुप्फुसांतून आणि सैनिकांच्या मेणातल्या तुकड्यांतून विषाणूची आठही जनुकं वाचून व्हायला २००५ साल उजाडलं. त्याच वर्षी अटलांटाच्या सीडीसीमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रात, टेरेन्स टम्पी यांनी त्या मजकुरावरून विषाणू पुन्हा घडवला. एकट्यानं, बाकीचे घरी गेल्यावर. रोज फ्लूवरची प्रतिबंधक गोळी घेऊन. दार उघडायला बोटाचा ठसा, फ्रीजर उघडायला डोळ्याची बुबुळं. उंदरांना त्याची लागण केली, तेव्हा चार दिवसांनी त्यांच्या फुप्फुसांत साध्या फ्लूच्या तुलनेत ३९,००० पट विषाणू निघाले. काही उंदीर तर तीन दिवसांतच मेले.

हे करायला हवं होतं का? कृती अशी छापून जाहीर करावी का? त्यावरून तेव्हा वादळ उठलं. अमेरिकी सरकारच्या जैवसुरक्षा मंडळानं निबंध तपासून छपाईला हिरवा कंदील दिला, तरी वाद मिटला नाही. हे निर्णय मोठमोठ्या दालनांत झाले. ब्रेव्हिग मिशनच्या ग्रामसभेत त्यांतला एकही प्रश्न आला नव्हता. तिथं फक्त एवढंच विचारलं होतं, की खणू का?

(पडद्यावर: शाळेची सुतारकामाची खोली. रंध्याचा आवाज.)

१९९७ च्या त्या ऑगस्टकडे परत येऊ. लूसीवर माती लोटून झाली, गवताची ढेकळं पुन्हा जागच्या जागी बसवली. जायला हरकत नव्हती. पण १९५१ साली पाहिलेले ते दोन मोठे क्रूस आता तिथं नव्हते. कुजून गेले होते.

हल्टिन शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत गेले. लाकूड मोजलं, कापलं, तासलं, जोडलं. दोन नवे क्रूस तयार केले, आणि निघण्याआधी नेऊन कबरीवर उभे केले.