नगरसेवक नव्हते तेव्हा

[दृश्य: गावठाणातली अरुंद गल्ली. एका घराच्या ओट्यावर तीन-चार बायका बसलेल्या, हातात कागद.]

नवी मुंबई महानगरपालिकेची जानेवारी २०२६ च्या आधीची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली. तेव्हा निवडून आलेल्या १११ नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली. आधी कोविड आला, मग प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात गेला. निवडणूक लांबत राहिली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. गटार तुंबलं, रस्त्यावरचा दिवा गेला, नळाला पाणी आलं नाही, तर ज्याच्या दारात जाऊन हक्काने भांडायचं, तो नगरसेवकच साडेपाच वर्षं नव्हता.

नेरूळ-बेलापूर पट्ट्यातल्या या खाडीकाठच्या गावठाणात त्या काळात लोक ज्यांच्या ओट्यावर येऊन बसत होते, त्या ताई पुढे उमेदवार झाल्या. १५ जानेवारी २०२६ ला मतदान होतं, त्याआधीची ही गोष्ट. ताईंचं नाव, पक्ष, चिन्ह यातलं काहीच या फिल्ममध्ये येणार नाही, कारण आम्ही प्रचार करायला आलेलो नाही. मत मागायला दारात उभा राहिलेला माणूस त्याआधी कुठे होता, काय करत होता, हे प्रत्येक मतदाराने विचारायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. ताईंच्या बाबतीत आम्ही तेच विचारलं.

[दृश्य: खाडी, ओहोटीची वेळ. काठाला लागलेल्या होड्या.]

घर आगरी. आजोबांची खाडीलगत भातशेती होती आणि उन्हाळ्यात मिठागरावर काम. १९७० मध्ये सिडको ही नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं राहायला लागलं. त्यात ही शेतीही गेली. वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं, त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क याच लढ्यातून मिळाला. ताईंचे वडील त्या गर्दीत होते. घरात ही गोष्ट जेवताना सांगितली जायची, तीही रडून नाही, तर तारखा आणि सर्व्हे नंबरांसकट. कागद जपून ठेवायची सवय ताईंना तिथून लागली असावी.

१० जून २०२१ ला नवी मुंबई विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून मानवी साखळी झाली, तेव्हा ताई बचत गटाच्या बायकांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. २५ डिसेंबर २०२५ ला या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, त्या दिवसांत ताई उमेदवारी अर्जाची कागदपत्रं गोळा करत होत्या.

[दृश्य: टेबलावर वह्या.]

या वह्या नीट बघा. कोण आलं, तक्रार काय, विभाग कार्यालयात अर्ज कधी दिला आणि समोर आवक क्रमांक. काम झालं तर लाल शाईची खूण. कितीतरी ओळींसमोर ती खूण नाही, आणि ताईंनी ती पानं आमच्यापासून लपवली नाहीत. कोविडच्या पानांवर अक्षर बदललेलं दिसतं. ताई फोनवर खाटा शोधायच्या आणि लिहायची त्यांची मुलगी. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात तेव्हा कोविड रुग्णालय उभारलं होतं. तिथला नंबर पानाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात आहे.

पण ताईंचं खरं काम आम्हाला दिसलं ते धारण तलावाच्या काठावर.

नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला, तर शहरातलं पाणी खाडीत उतरत नाही. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटी लागली की खाडीत जातं. पुढे तलावांत गाळ साचला, गाळावर तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवली. तिवरं तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते, त्यामुळे गाळ काढायचं काम अडून बसलं. तिवरं वाचायलाच हवीत, मासळीची पिल्लं तिथेच वाढतात, हे कोळ्याआगऱ्यांना कुणी शिकवायला नको. तरीही पाणी घरात शिरतंच.

पाणी शिरलं की गावठाण आणि सेक्टर एकमेकांवर खापर फोडायचे. सोसायटीवाले म्हणायचे गावातल्या कचऱ्याने नाला तुंबतो, गाववाले म्हणायचे सोसायट्यांनी भराव टाकून पाणी आमच्याकडे लोटलं. ताईंनी दोन्हीकडच्या माणसांना ओहोटीच्या वेळी तलावावर नेलं आणि झडप दाखवली. ती अर्धवट उघडी, चिखलात रुतलेली होती. भरतीचं पाणी तिथून उलटं आत येत होतं. त्यानंतर जो अर्ज गेला, त्यावर गावातल्या म्हाताऱ्यांचे अंगठे होते आणि सोसायट्यांचे शिक्केही. झडप दुरुस्त झाली. गाळ मात्र अजून तसाच आहे, आणि पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ताई आजही भरतीची वेळ पाहून दोन्हीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकतात.

नव्या शहरात जमीन ज्यांची गेली ते आणि घर घ्यायला जे आले ते, यांना एका अर्जावर सही करायला लावणं सोपं नाही. आमच्या मते ताईंची सगळ्यात मोठी कमाई हीच आहे.

त्यांना जमलं नाही असंही आहे. गावठाणातल्या वाढीव, म्हणजे गरजेपोटी परवानगीशिवाय बांधलेल्या घरांचा प्रश्न अनेकांच्या छातीवरचं ओझं आहे. तिथे त्यांनी निवेदनं देण्यापलीकडे काही घडलेलं नाही, आणि एकटा नगरसेवक तो सोडवू शकत नाही, कारण धोरण ठरतं मंत्रालयात. ताई सभेत हे स्पष्ट सांगायच्या. काही लोक त्यामुळे नाराज होऊन उठून गेले, तेही आम्ही पाहिलं.

[दृश्य: सोसायटीचा हॉल. पुठ्ठ्यावर काढलेलं मतदान यंत्राचं चित्र.]

२०२६ च्या निवडणुकीत पहिल्यांदाच इथे बहुसदस्यीय प्रभाग होते. ताईंच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा, म्हणजे प्रत्येकाला चार मतं द्यायची होती. वयस्कर बायकांचा यात गोंधळ व्हायचा, म्हणून ताई पुठ्ठ्यावर चित्र काढून समजावायच्या. त्यावर त्यांनी कुठलंही चिन्ह काढलेलं नव्हतं, स्वतःचंही नाही. एका आजींनी उरलेली तीन मतं कुणाला देऊ असं विचारलं. ताईंनी त्यांना चारही जागांच्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं नातवाकडून वाचून घ्यायला सांगितलं, आणि त्यात ताईंचं स्वतःचंही.