गादीखालचं सस्पेन्शन

नमस्कार. जाहीर झालेला विषय ‘जुन्या मोटरसायकलींच्या स्प्रिंगवाल्या सीटपोस्टची निगा आणि सुधारणा’ असा आहे. दोन्हींबद्दल बोलणारच आहे. पण आधी एक गोष्ट ठासून सांगू द्या. मागचं चाक चौकटीला थेट जखडलेलं दिसलं की आपण म्हणतो, ‘हिला मागे सस्पेन्शनच नाही.’ जुन्या हार्ले-डेव्हिडसनबद्दल असं कुणी म्हणालं की मला गप्प बसवत नाही. सस्पेन्शन आहे. ते चाकापाशी नाही, तुमच्या बुडाखाली आहे.

हार्लेने १९१२ साली गादीखालच्या उभ्या नळीत स्प्रिंगा घातल्या. गादीचं नाक पुढे बिजागरीवर टेकलेलं, मागचा भार एका दांड्यावर, आणि तो दांडा चौकटीच्या नळीत स्प्रिंगांवर वरखाली सरकतो. हीच सीटपोस्ट. मोठ्या ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या, गाड्यांना मागे शॉकॲब्सॉर्बर आले ते १९५८च्या ड्युओ-ग्लाइडला. म्हणजे ४६ वर्षं, दोन महायुद्धांसकट, हार्लेच्या मोठ्या गाड्या या नळीच्या भरवशावर चालल्या. दुसऱ्या महायुद्धातली ७४० सीसीची हार्लेची लष्करी डब्ल्यूएलए तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. युद्धानंतर आपल्याकडे मागे राहिलेल्या लष्करी हार्लेंचा पुढचा अर्धा भाग ठेवून दिल्लीत काय केलं, तेही ठाऊक असेल. त्या तीनचाकी फटफट्यांनी चांदनी चौकात किती वर्षं माणसं वाहिली! असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

या रचनेत एक अक्कल आहे. चाक, चौकट, इंजिन सगळं एकजीव, त्यामुळे साखळीचा ताण खड्ड्यागणिक बदलत नाही, मागे झिजायला बुश (सांध्यातली धातूची नळकांडी) नाहीत. झुलतो तो फक्त माणूस. रस्त्यावरची पकड मात्र याने सुधारत नाही. खड्ड्यात चाक उडायचं ते उडतंच. ट्रायम्फने युद्धानंतर मागच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यातच, स्प्रिंगा कोंबून दुसरी वाट काढली होती. तो हब उघडताना आतल्या दाबलेल्या स्प्रिंगा अंगावर येऊ शकतात, म्हणून त्याला योग्य हत्याराशिवाय हात लावायचा नसतो. त्या मानाने सीटपोस्ट फार सज्जन.

आता माझी तक्रार. ती लांबेल, ऐकून घ्या.

रॅलीला गाड्या लागतात, परीक्षक येतात, आणि बघतात काय, तर चकाकी. पोस्टच्या तोंडाशी ग्रीसची काळी कड दिसली की ‘अस्वच्छ’ म्हणून गुण कापतात. अहो, ती कड म्हणजे मालक निगा राखतोय याची खूण आहे! कोरडी, लखलखीत पोस्ट ही जाम झालेली पोस्ट असते. परीक्षकांनी एकदा गादीवर हात ठेवून दाबून बघावं, एवढीच माझी मागणी आहे. दाबली गेली आणि सुरळीत वर आली, तर गुण द्या. नाही आली तर क्रोम कितीही असो, कापा.

या चकाकीच्या हौसेपायी आमच्या एका मित्राने पोस्ट पूर्ण उघडली आणि दांडा, नट, वायसर, स्प्रिंगा, सगळं प्लेटिंगला दिलं. दुकानदार म्हणाला, आरशासारखं करून देतो, आणि दिलंही. पोस्ट जोडली, गाडी पार्किंगमध्ये उभी होती, कुणी बसलेलं नव्हतं. रात्री ठण्ण् असा आवाज झाला. सकाळी गादी एका बाजूला कललेली. उघडून पाहिलं तर स्प्रिंगेचे दोन तुकडे, तेही स्वच्छ, वाकण्याची खूण नाही.

कारण असं. प्लेटिंगच्या आधी ॲसिडमध्ये बुडवताना आणि प्लेटिंग होताना हायड्रोजन पोलादात शिरतो. मऊ लोखंडाला फरक पडत नाही, पण स्प्रिंगेचं कडक पोलाद ठिसूळ होतं. मग ताणाखाली नुसतं बसल्याबसल्याही ते काही तासांनी, काही दिवसांनी तडकतं. यावर उपाय आहे. प्लेटिंग झाल्यावर चारेक तासांच्या आत स्प्रिंगा भट्टीत साधारण १९० ते २२० अंशांवर कित्येक तास ठेवायच्या. हे करणारा प्लेटिंगवाला सापडला तर त्याचे पाय धरा. नाही सापडला तर आतल्या स्प्रिंगा काळ्याच ठेवा. नळीच्या आत त्या बघायला कोण जाणार आहे?

(समोरून चिठ्ठी आली आहे: दहा मिनिटं. बरं.)

तर निगा. गादी काढा, चौकटीच्या नळीच्या बुडाचा नट सोडा, पोस्ट वर ओढून निघते. नट सुटत नसेल तर गंज मारणारं तेल सोडून रात्रभर थांबा, गॅसच्या टॉर्चने तापवू नका. तापलेल्या स्प्रिंगेचं पाणी उतरतं, मग ती कायमची बसते. पोस्टच्या स्प्रिंगा दाबलेल्या असतात, म्हणून ती उघडताना आधी दाब धरा, मगच नट काढा. रॉकेलने धुवा, जुनं वाळलेलं ग्रीस नळीच्या तळापर्यंत खरवडून काढा.

झीज बहुतेकदा स्प्रिंगेत नसते, नळीच्या तोंडाशी असते. गादी बिजागरीवर कमानीत फिरते, दांडा मात्र सरळ चालतो. हा फरक वरच्या जोडातली बोल्ट आणि रोलर सांभाळून घेतात. तो जोड कोरडा पडला की गादी दांड्याला पुढेमागे रेटते आणि नळीचं तोंड लांबट होतं. म्हणून पोस्टला ग्रीसगन मारताना तो जोड आणि पुढची बिजागरी विसरू नका. तोंड लांबट झालंच असेल तर चांगला टर्नर गाठून गनमेटलचा बुश बसवा. वेल्डिंगने भरून पुन्हा घासायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता सुधारणा, पळत पळत.

पहिलं, हिशेब. समजा बिजागरीपासून पोस्ट २५ सेंटिमीटरवर आणि तुमचा भार ३० सेंटिमीटरवर. तर ७० किलोचा माणूस पोस्टला ८४ किलोचा भासतो. मागे डबल सीटवर ५० सेंटिमीटरवर ५० किलोचं कुणी बसलं, तर पोस्टवर आणखी १०० किलो. म्हणूनच जोडीने बसायच्या सीटला बाहेरून मदतीच्या स्प्रिंगा असायच्या. त्या काढून टाकून ‘गादी खाली बसते’ म्हणणं चूक आहे.

दुसरं, तारेची जाडी. स्प्रिंगेचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. ६ मिलिमीटरच्या जागी साडेसहाची तार घेतली, बाकी माप तेच ठेवलं, तर स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के कडक होते. त्यामुळे मोजताना व्हर्नियर घ्या, डोळा नको. नट आवळल्याने गादीची उंची बदलते, स्प्रिंगेचा कडकपणा नाही.

तिसरं, उसळी. नुसत्या स्प्रिंगेला ती आवरणारं काही नसतं, म्हणून गादी घोड्यासारखी उडते. जाड ग्रीस ती थोडी आवरतं, पातळ तेल घातलंत तर उलट. आत लहान शॉक किंवा हवेचा फुगा असलेल्या पोस्ट बाजारात मिळतात. लांबचा प्रवास करणाऱ्याने, पाठीचं दुखणं असलेल्याने त्या जरूर बसवाव्यात. माझी अट एकच: चौकटीला भोक पाडायचं नाही, काही कापायचं नाही. कंपनीची मूळ पोस्ट धुऊन, ग्रीस लावून, पिशवीत बांधून गाडीच्या कागदांसोबत ठेवा. पुढच्या मालकाला ती लागणार आहे.

टेबलावर एक पोस्ट उघडून ठेवली आहे. तरुण मंडळींनी आधी यावं, दांडा नळीत घालून बाजूला हलवून बघावा, झिजलेला बुश हाताला कसा लागतो ते कळेल.