पेस्टलचं चित्र पुसू नये म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

सॉफ्ट पेस्टलच्या, म्हणजे खडूसारख्या मऊ रंगकांड्यांच्या, चित्राला जरा हात लागला की रंग बोटावर येतो. अशा वेळी फिक्सेटिव्हचा, म्हणजे रंग कागदावर धरून ठेवणाऱ्या पातळ राळेचा, स्प्रे आठवतो, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. पेस्टलमध्ये गोंद अगदी नावापुरता असतो. रंगाचे कण कागदाच्या खरबरीतपणात नुसते अडकून बसतात. कणांमधल्या हवेमुळे प्रकाश विखुरतो आणि ती मखमली झळाळी दिसते. भरपूर फवारलं की राळ त्या फटींत शिरते, फिकट छटा काळवंडतात, पांढऱ्याचा तर जीवच जातो.

चित्र झालं की बोर्ड किंचित पुढे झुकवून धरा आणि मागून दोन-तीन टिचक्या मारा. सुटी भुकटी खाली पडेल. फुंकर मात्र नको, थुंकीच्या बारीक थेंबाचाही डाग पडतो.

फिक्सेटिव्ह मारायचंच तर खालच्या थरांवर मारा. शेवटचे उजळ फटकारे त्यानंतर द्या आणि तसेच सोडा. स्प्रे साधारण 30 सेंटीमीटरवर धरा. फवारा कागदाबाहेर सुरू करून बाहेरच संपवा, म्हणजे नळीतला पहिला जाड थेंब चित्रावर पडत नाही. पातळ थर, 10-15 मिनिटं वाळवण, मग गरज वाटली तरच दुसरा. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर करून पाहा, खिडक्या उघड्या ठेवा. मुंबईच्या भर पावसात फवारलं तर वाळताना पांढुरकी झाक येऊ शकते. उघडीप पडेपर्यंत थांबलेलं बरं.

खरं रक्षण करते ती काच, आणि काच-चित्रामधली मोकळी जागा. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा: चित्र काचेला टेकता कामा नये, मध्ये 3 ते 5 मिलिमीटर अंतर हवं. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या मागे, बाहेरून दिसणार नाहीत अशा बेतानं, बोर्डाच्या पट्ट्या लावायला सांगा. गळणारी भुकटी माउंटमागे पडेल, त्याच्या पांढऱ्या कडेवर साचणार नाही. काचेऐवजी साधं अ‍ॅक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा, टाळा. पुसताना त्यात स्थिर वीज येते आणि ते रंगाची भुकटी ओढून घेतं.

फ्रेम होईपर्यंत चित्रावर ग्लासिनचा गुळगुळीत कागद ठेवा. तो सरकला तर रंग फासला जातो, म्हणून वरच्या कडेला टेपने चिकटवा. दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये आडवं ठेवा, गुंडाळी कधीच करू नका. लोकलमधून न्यायचं असेल तर गर्दीची वेळ टाळा.

आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ते टांगू नका. कागदाला आणि गोंदाला बुरशी लागते. दुसरी भिंत नसेलच, तर फ्रेममागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळती राहील.